नंबर न वाढवणारे काका

आमच्या हिंदी मुलखातल्या तात्यापारा मोहल्ल्यातले चष्मेवाले काका आलेलं गिऱ्हाईक परत पाठवण्यात तरबेज होते. "हाच वापर, चांगला आहे," म्हणत जुनी काच पुसून हातात द्यायचे.

मी मात्र दोन महिन्यांत तीनदा गेलो. मला सगळंच मळकट दिसत होतं. वरणात हळद नाही म्हणून बायकोशी वाद घातला, घराचा रंग विटला म्हणून रंगाऱ्याला फोनवर झापलं. चूक जगाची आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

तिसऱ्या खेपेला काकांनी तपासणीचं यंत्र बाजूला सारलं. "नंबर तोच आहे. झोप लागते का? जेवणाची चव येते का?"

मी दोन्हीला नाही म्हणालो. त्यांनी चिठ्ठीवर एका मानसोपचारतज्ज्ञाचं नाव लिहिलं. "तुही काकी गेली तवा मले बी असंच फिकं दिसे. गोळ्या घेतल्या मी."

"मी काय वेडा आहे?"

"वेडा असता तर एका फेरीत ऐकलं असतं."

मी रुसून निघालो. पुढच्या आठवड्यात मुलीनं चित्र दाखवलं. "रंग कधी भरणार?" मी विचारलं. ती हळूच म्हणाली, "पापा, भर तो दिया है."

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, हे नैराश्य आहे. त्यात रंग फिके वाटू शकतात.

गोळ्या सुरू झाल्या आणि जवळची अक्षरं पुसट झाली, उजेड डोळ्यांना खुपू लागला. मी विजयी मुद्रेनं काकांकडे गेलो. "बघा, दोष डोळ्यांतच होता."

"गोळीनं होते तसं कधीकधी. डॉक्टरले सांग. आपल्या मनानं बंद नको करू."

डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण कमी केलं, अक्षरं जागेवर आली. दीडेक महिन्यानं सहज दुकानात डोकावलो, तर काका पोपटी शर्टात बसलेले.

"काका, नवा शर्ट?"

"बारा वर्षं झाली, हाच घालून राहिलो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला चहा पाजला.

गेल्या वर्षी दुकान आवरून ते नागपूरला मुलीकडे गेले. स्टेशनवर त्यांची पिशवी देताना माझे डोळे भरून आले. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चष्मा काढून रड बाबू. काचेवर डाग पडते."

मी चष्मा काढला. गाडी हलली तेव्हा त्यांचा हात दिसला नाही, पण मी आपला हात हलवत राहिलो.