पुढच्या सीटचा मान

तापलेल्या रेक्झिनचा वास आला, की ताईचे सासरे, नाना, आठवतात आणि माझी मान खाली जाते.

नव्वदीच्या सुरुवातीला माझ्याकडे छोटी व्हॅन होती. इंजिन पुढच्या सीटखाली. चाळीसगावच्या मिस्त्रीकडून ते खोलून नव्यानं बांधून घेतल्यापासून गाडी सुसाट पळायची, पण सीट भाजायची. म्हणून मी माझ्याखाली कापसाची गादी घ्यायचो.

ताईच्या साखरपुड्याला, भर मे महिन्यात, मी आणि वडील नानांना आणायला धुळ्याला गेलो. वडिलांनी मानानं त्यांना पुढे बसवलं. जळगावपर्यंत मी गाडी पिटाळली. "कशी वाटली गाडी?" असं दोनदा विचारलंसुद्धा.

"भारी शे," नाना म्हणाले.

घरी मात्र ते पाटावर बसेनात. "उभाच बरा शे मी." व्याही रुसले असं समजून वडील हात जोडत राहिले. मला कारण कळलं होतं, पण तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी निघताना वडिलांनी पुन्हा पुढचंच दार उघडलं. नानांनी खांद्यावरच्या उपरण्याची घडी करून सीटवर ठेवली, वडिलांकडे पाहून हसले आणि बसले.

मी माझ्या गादीवर बसून उगाच आरसा नीट करत राहिलो.