हिरड्यांची रांग

लेस्टरच्या आमच्या घरी गणपतीची आरती झाली की सगळे काका लोक शर्टाच्या बाह्या वर करून नवऱ्यापुढे बसतात, बीपी मोजून घ्यायला. तो हार्टचा डॉक्टर. मी दातांची डॉक्टर, पण मला फक्त मोदकांची रेसिपी विचारतात. यंदा माझं डोकं फिरलं. मोदकांचं ताट हातात धरूनच मी जाहीर केलं, "ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं ना? तिथले बॅक्टेरिया रक्तात शिरतात. रक्तवाहिन्या खराब व्हायला तेही हातभार लावत असावेत, असा संशोधकांना संशय आहे."

"नुसता संशय," नवरा म्हणाला. "सिद्ध झालेलं नाही."

खरं होतं ते. पण काका ऐकतात कुठे! पाच मिनिटांत किचनमध्ये माझ्यापुढे रांग लागली. प्रत्येकाने आ वासलेला, हातात मोबाइलचा टॉर्च. हॉलमध्ये नवरा बीपीचं मशीन घेऊन एकटाच बसलेला.

पाहुणे गेल्यावर तो हळूच किचनमध्ये आला. "माझ्याही हिरड्या बघ ना जरा. महिनाभर रक्त येतंय."

मी ताट विसळत म्हटलं, "सिद्ध झालं की ये."