पाटीच्या पुढचा रस्ता

बेन कॉम्प्युटरच्या पडद्यावर डावा तळहात ठेवायची आणि उजव्या हाताने ओळी सरकवत जायची. तळहाताखाली प्रोग्रामच्या भागांची नावं झाकलेली, उघड्या फक्त यंत्राला दिलेल्या आज्ञा. "आधी काम वाच. नाव मग," म्हणायची. काचेवर तिच्या पंजाचा तेलकट ठसा कायमचाच.

डहाणू रोड स्टेशनजवळ एका लॉजच्या वर आमचं छोटं ऑफिस होतं. कारखान्यांतली यंत्रं चालवणारे कंट्रोलर आम्ही बनवायचो. त्यांच्यातला प्रोग्राम ती आणि मी लिहायचो. ती जवळच्याच कैनाड गावची, घरची चिकूची वाडी. ती गुजराती नव्हती, पण आमचे शेठ गुजराती; ते तिला बेन, म्हणजे बहीण, म्हणत, म्हणून आम्हीही.

यंत्र अडलं की आत उरतात नुसते आकडे. डिसअसेंबलर नावाचा प्रोग्राम ते उलगडून पुन्हा आज्ञा दाखवतो, आणि प्रत्येक ओळ प्रोग्रामच्या कुठल्या भागातली, तेही शेजारी लिहितो. गोम इथेच आहे. एखाद्या भागाचं नाव त्याला सापडलं नाही, तर मागे सापडलेलं शेवटचं नाव तो पुढेही खुशाल लिहीत राहतो. सोबत त्या नावापासूनचं अंतर देतो. ते कुणी बघत नाही.

"शेवटची पाटी कैनाडची दिसली म्हणून पुढचं सगळं कैनाड होत नाही, बाबा," बेन म्हणायची. "पाटी किती मागे राहिली ते बघ."

हे ती माणसांनाही लावायची. एकदा दुपारी ऑफिसभर सुक्या बोंबलांचा वास सुटला. शेठ शुद्ध शाकाहारी. ते नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघू लागले, कारण सर्वांत जवळ मी बसलो होतो. बेन पलीकडच्या टेबलावरून म्हणाली, "शेठ, जवळची पाटी वाचू नका. डबा माझा आहे." शेठसुद्धा हसले. असं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

२०१६ साली वडिलांच्या ऑपरेशनसाठी ती रजेवर होती, तेव्हा तलासरीच्या फुग्यांच्या कारखान्यातलं यंत्र अडलं. साचे भट्टीतच थांबले, भट्टी चालूच राहिली. फुगे करपलेल्या पापडांसारखे निघाले. अडलेल्या यंत्रातले आकडे मी उलगडायला घेतले, तेव्हा शेठ माझ्या खुर्चीमागे उभे होते.

नाव बेनने लिहिलेल्या भागाचं होतं. मी अंतर पाहिलं. तिचा भाग केव्हाच संपला होता. पुढचा भाग माझा. कंट्रोलरमधली जागा वाचावी म्हणून माझ्या भागांची नावं मीच काढून टाकली होती.

"कोणाचं काम आहे?" शेठनी विचारलं.

"नाव तर बेनच्या भागाचं दिसतंय," मी म्हणालो.

त्या वाक्यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं मला पचलं नाही.

बेन परत आली, शेठचं बोलणं ऐकून घेतलं आणि पडद्यावर तळहात ठेवून बसली. ओळी सरकवताना मध्येच थांबली. मग हात काढला आणि मला बोलावलं.

"हे तू वाच."

मी वाचलं.

"कळलं?"

"हो."

"शेठ आत आहेत," एवढंच म्हणून ती खाली चहाला गेली. चहाला कधी लागला नव्हता इतका वेळ तिने लावला. मी खुर्चीतून उठलो नाही. परत आल्यावर तिने शेठच्या बंद दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझी चूक दुरुस्त करायला बसली.

तिने स्वतः का सांगितलं नाही? ज्याचा डबा त्यानेच तो माझा म्हणावा, असा तिचा हिशेब असावा. नवी कामं शेठ मला देऊ लागले, तिच्याकडे जुनी डबडी दुरुस्तीला. दिवाळीच्या आधी तिने नोकरी सोडली. "वाडीत माणूस लागतं," म्हणाली. वाडीत माणसं होती, हे मला माहीत होतं.

शेठना मी सगळं सांगितलं ते २०१९मध्ये. त्यांनी हातातली फाइल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "हे तिला सांगितलं?"

मी कैनाडला गेलो. बेन ओट्यावर चिकू निवडत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एक पिकलेला चिकू माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मला माहीत होतंच की. शेठना सांगितलंस ना?"

त्यानंतर माझ्या सगळ्या भागांची नावं मी परत घातली. जागा पुरेना, तेव्हा कंट्रोलर सुरू होताना दिसणारी स्वागताची ओळ काढून टाकली. आता तलासरीचं यंत्र अडलं की पडद्यावर बऱ्याचदा माझ्याच भागाचं नाव येतं. बेनचा पडदा आता माझ्याकडे आहे; तिचा ठसा असायचा तिथे तळहात ठेवून मी ते झाकतो, आणि आधी काम वाचतो.