पाण्यावरची मांडणी

सकाळी सातच्या एसटीने वर्धा सोडले तेव्हा सागाच्या चार फुटी सहा फळ्या शेवटच्या सीटखाली होत्या. त्यांची टोके बाहेर आली होती आणि चढणारा प्रत्येक प्रवासी त्यांना ठेचाळत होता. सुधाकर मिस्त्री प्रत्येकाची माफी मागत होते. ते वर्ध्याजवळच्या नालवाडीत सुतारकाम करतात. मी सोबतीला आणि फळ्यांचे दुसरे टोक धरायला निघालो होतो.

त्यांचा शेजारी प्रकाश नोकरीनिमित्त नालवाडीत राहतो. त्याचे आईवडील आर्वी तालुक्यात, वर्धा नदीवरच्या धरणाच्या पाण्यात, नावेवर राहतात. आई सुमनबाईंची नजर काचबिंदूने जवळजवळ गेली आहे. महिन्यापूर्वी नाव डुलली, घसरणारा डबा धरायला त्यांनी हात टाकला आणि तो तापलेल्या तव्यावर पडला. प्रकाशने वडिलांना सांगितले, रविवारी येतो. आईला कोणाला न विचारता स्वयंपाक करता आला तर ती राहील, नाही तर घेऊन जाईन. त्याआधी चुलीपाशी तिच्या हाताशी येईल अशी मांडणी उभी करायची होती, आणि आम्ही निघालो तो गुरुवार होता.

आर्वीला बाजार समितीच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. तिथून मालवाहू ऑटोने तासाभरात पाण्याचा काठ आला. समोर करडे, सपाट पाणी आणि त्यातून वर आलेले वाळलेल्या बाभळींचे शेंडे. देवराव, म्हणजे प्रकाशचे वडील, डोंगी (लहान होडी) घेऊन आले होते. त्यांनी पाण्यातल्या एका शेंड्याकडे बोट केले. "थे आमच्या गावची शीव. गाव त्याच्याही खाली." फळ्या चढवताना एक पाण्यात पडली. देवरावांनी ती वल्ह्याने ओढून घेतली. "घाबरू नका मिस्त्री, लाकूड आहे, बुडत नाई. तुम्ही बुडान, तुमाले धराव लागन."

दोन लोखंडी डोंग्या जोडून वर लाकडी तळ, त्यावर सागाच्या चौकटीची पत्र्याची खोली, अशी ती नाव आहे. जाळ्यांची राखण करायला दोघे इथे राहू लागले आणि इथेच राहिले. पुनर्वसनात मिळालेल्या घराला कुलूप आहे. कारण विचारले तेव्हा सुमनबाई म्हणाल्या, "तिथं काईच हालत नाई भाऊ. मले झोप लागत नाई."

मिस्त्रींनी चुलीमागच्या भिंतीला फळी लावली, वर पाणसळ (पातळी दाखवणारी बुडबुड्याची नळी) ठेवली आणि बुडबुडा मधोमध येताच स्क्रू पिळले. मग दुसऱ्या टोकाला गेले. त्यांच्या वजनाने नाव झुकली, बुडबुडा सरकला. त्यांनी ते टोक वर उचलून पुन्हा बुडबुडा मधोमध आणला. तासाभराने फळी एका बाजूला तीन बोटे चढलेली होती.

देवराव दारात बसून पाहत होते. "मिस्त्री, तीस वर्षं सुतारकी केली ना?"

"पस्तीस."

"मंग जे सोताच हालून राह्यलं, त्याले काऊन इचारता? तळापासून मोजा ना. घर हालन, तं फळीबी संगं हालन."

मिस्त्रींनी स्क्रू काढले, पाणसळ पिशवीत टाकली आणि मापासाठी एक बांबूची काठी घेतली. त्यांनी नेहमीची उंची मोजायला सुरुवात केली तेव्हा सुमनबाईंनी थांबवले.

"भाऊ, थे उभ्या बाईचं माप आहे. मी बसून रांधतो."

त्या चुलीपुढे बसल्या आणि त्यांनी हात सरळ पुढे केला. बोटे टेकली त्या उंचीवर मिस्त्रींनी काठीवर कोळशाने खूण केली. मग हात वर, मग डावीकडे. काठीवर पाच खुणा झाल्या. मांडणी त्या खुणांवर उभी राहिली. डबे घसरू नयेत म्हणून प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दोन बोटे उंच पट्टी बसवली. त्या पट्टीवर खाचा पाडायची कल्पना सुमनबाईंची. मिठापुढे एक, तिखटापुढे दोन, हळदीपुढे तीन. मांडणी भरली तेव्हा नाव त्या बाजूला कलली. देवरावांनी नांगराचा दगड समोरच्या बाजूला सरकवला.

शुक्रवारी दुपारी सुमनबाईंनी एकटीने स्वयंपाक केला. कोणी बोलायचे नाही, असे ठरले होते. बोट पट्टीवरून सरकायचे, खाच सापडायची, मग डबा. मध्येच एक मोटरबोट जवळून गेली. नाव जोरात डुलली, डबे पट्टीला धडकले, एकही पडला नाही. मग हात मिठाकडे गेला आणि एका खाचेपाशी थांबला. जागा रिकामी होती. सकाळी मासे खारवताना देवरावांनी मीठ घेतले होते आणि डबा दाराजवळ ठेवला होता.

सुमनबाईंनी हात मागे घेतला नाही. "तुमी ठेवला नाई ना जागी?"

देवराव उठले. डबा आणून खाचेमागे ठेवला.

"रविवारी असं झालं, तं मले जाव लागन," त्या म्हणाल्या. "मंग तुमीच रांधजा."

मरळ माशाचा रस्सा आणि ज्वारीची भाकर आम्ही जेवलो. मीठ बरोबर होते.

शनिवारी सकाळी निघायची तयारी झाली. खोलीत देवराव एकटे मांडणीपुढे बसले होते. डोळे मिटलेले. एकेक डबा काढत होते, जमिनीवर ठेवत होते आणि खाच चाचपून परत जागी लावत होते. हळद तिखटाच्या जागी गेली. त्यांनी ती काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आम्ही बाहेर थांबलो. काठावर सोडताना ते एवढेच म्हणाले, "फळी लावणं सोपं होतं."

मापाची काठी मिस्त्रींबरोबर आली. त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत ती राहून गेली होती.

पुढच्या आठवड्यात नालवाडीला त्यांच्याकडे गेलो. प्रकाश रविवारी गेला, आईच्या हातचे जेवला आणि एकटा परत आला, असे त्यांनी सांगितले. सोमवारी तो काठीसाठी आला होता. त्याला तशीच मांडणी त्याच्या स्वयंपाकघरात हवी होती, त्याच उंचीवर, त्याच खाचांची. वडिलांचे काही झाले आणि आई एकटी पडली तर तिला इथे यावे लागेल, म्हणाला.

मिस्त्रींनी ती बसवली. मी पाहून आलो. इथे जमीन हलत नाही आणि पाणसळ खरे सांगते. पट्टीवर एक, दोन, तीन खाचा आहेत. त्यांच्यामागे डबे नाहीत. घरातल्या कोणीही तिथे अजून काही ठेवलेले नाही.