पंख्याखालची पॅलेट

लेस्टरच्या मराठी मंडळींत उल्का पाटणकरला सगळे ओळखत, पण ‘डॉक्टर पाटणकरांची मिसेस’ म्हणून. नवऱ्याच्याच हॉस्पिटलमध्ये ती एक्स-रे काढते, नागपूरचं शिक्षण इथं कुणी धरेना म्हणून पुन्हा परीक्षा देऊन तिनं ती नोकरी मिळवलीय, हे गणपतीच्या जेवणाला जमलेल्यांच्या ध्यानातही नसे. उल्का ते मनावर घेत नसे. माणसाच्या आतलं आपल्याला सगळ्यांच्या आधी दिसतं, याची तिला अजून लहान मुलीसारखी गंमत वाटायची.

२००६च्या वसंतात तिच्या मॅनेजरनं विचारलं, “रविवारी सकाळी येशील का? पेशंट जरा वेगळा आहे. दीडशे वर्षांचा.”

पेशंट म्हणजे एक तैलचित्र! गावातल्या एका छोट्या म्युझियमचं. त्यांच्याकडे एक्स-रेचं मशीन कुठलं असायला? तिथली चित्रं दुरुस्त करणारी हेलन ते ब्लँकेटमध्ये गुंडाळून व्हॅनमधून घेऊन आली. ब्लँकेट सुटलं आणि उल्का बघतच राहिली. काळ्या ड्रेसमधली तिशीची बाई, उजव्या हातात पंखा, डावा हात मांडीवर, आणि नजर अशी, की आपणच काहीतरी चुकलोय असं वाटावं. लेबलवर लिहिलेलं होतं : ‘पंखा घेतलेली स्त्री. जर्मन. चित्रकार अज्ञात.’

“मला हा पंखा खटकतो,” हेलन म्हणाली. “बाकीच्या रंगाला बारीक तडे गेलेत, पंख्याला नाहीत. नंतर कुणीतरी रंगवलेला असणार.”

जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असतं, ते एक्स-रेत हाडासारखं पांढरं दिसतं, हेही हेलननंच सांगितलं. उल्कानं चित्र टेबलावर आडवं ठेवलं, तान्ह्या बाळाच्या हाताला लावावा तेवढाच डोस लावला आणि काचेमागे जाऊन सवयीनं म्हणाली, “श्वास रोखून धरा.”

हेलन खो खो हसली. “धरलाय तिनं!”

पहिल्या फोटोत चेहरा आला आणि कडेच्या खिळ्यांची रांग. मग उल्कानं प्लेट उजव्या हाताखाली सरकवली. स्क्रीनवर चित्र उमटलं आणि ती खुर्चीतून उठलीच. पंखा जवळजवळ गायब होता! त्याच्या जागी एक मोठा लंबगोल आकार, त्यात एक भोक आणि भोकातून बाहेर आलेला अंगठा.

“हेलन, हे बघ! हे काय आहे?”

“पॅलेट!” हेलन ओरडली. “रंग कालवायची पॅलेट आहे ती! दुसरा हात घे, लवकर!”

दुसऱ्या हाताचा फोटो येईपर्यंत दोघींना धीर निघेना. तो आला. ड्रेसच्या काळ्या चुण्यांखाली बोटांत धरलेला एक लांब, बारीक ब्रश.

“पण डाव्या हातात?” उल्का म्हणाली. “डावखुरी होती का?”

हेलननं दोन्ही हात गालांना लावले. “आरसा, उल्का! आरशात बघून काढलंय, म्हणून हात उलटे! ही बाई स्वतःलाच रंगवतेय!”

“अगं बाई!” उल्काच्या तोंडून मराठीच निघालं. “तू तर काम करणारी बाई!”

मग त्या दोन प्रौढ बायकांनी एकमेकींचे हात धरून अशा उड्या मारल्या, की कॉरिडॉरमधला पोर्टर दार उघडून विचारता झाला, “कुणाला लागलं का?”

घरी आल्यावर कोटही न काढता ती सांगत सुटली. नवऱ्यानं, गिरीशनं, भाताचा कुकर बंद केला. बारा वर्षांच्या देविकानं विचारलं, “आई, पण त्या बाईचा नाव काय होता?”

ते कळायला वर्ष लागलं. हेलननं कापसाच्या बोळ्यानं, सूक्ष्मदर्शकाखाली तो पंखा आणि ब्रशवरच्या चुण्या कणाकणानं उतरवल्या. पॅलेटच्या कडेला सही निघाली : थेरेझा ओस्टर, १८५१. बाकीचं जर्मनीतल्या अभ्यासकांनी शोधून कळवलं. अकादमीत बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून थेरेझा मामाच्या स्टुडिओत शिकली. कोलोनमधल्या दुकानदारांच्या बायकामुलांची चित्रं काढत तिनं घर चालवलं. पुढे चर्चसाठी मोठाली चित्रं केली, म्हातारपणी मुलींना चित्रकला शिकवली, शेवटपर्यंत ब्रश सोडला नाही. तिच्यामागे हे चित्र कुणा व्यापाऱ्याच्या हाती गेलं असावं. कामकरी बाईपेक्षा श्रीमंत घरची बाई लवकर विकली जाते, म्हणून त्यानं वरून पंखा रंगवून घेतला आणि ब्रश बुजवला, असा हेलनचा अंदाज.

चित्र पुन्हा भिंतीवर लागलं त्या संध्याकाळी हेलननं उल्काला पुढे बोलावलं. “पहिल्यांदा हिनं पाहिलं. हीच सांगेल.” उल्कानं सुरुवात अडखळतच केली. पण अंगठ्यापाशी पोचली तशी तिची जीभ मोकळी झाली. “श्वास रोखून धरा”ला सगळा हॉल हसला, आणि आरशाच्या गोष्टीला तर लोकांनी टाळ्याच वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर ती चित्राच्या अगदी जवळ गेली. पॅलेटवर तांबड्या रंगाचा एक ठिपका होता, आत्ताच ट्यूबमधून पिळल्यासारखा. हात लागू नये म्हणून तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

“आई, तू रडते?” देविका कुजबुजली.

“नाही गं! इकडे ये. इथून बघ, असं खाली वाकून. दिसला तो तांबडा?”