मुहूर्ताची कॅसेट

ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि पंचक्रोशीतील तमाम रसिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, मराठी रॉक संगीताचे आद्य प्रवर्तक हरेश्वर कोळी यांचे निधन झाले आहे. आणि ते आद्य प्रवर्तक होते ही बातमी खुद्द त्यांच्या बँडला ते गेल्यानंतर चौथ्या दिवशी वर्तमानपत्रातून समजली.

त्या बँडमध्ये मी बेस गिटार वाजवायचो. ऑफिसात चहा पिताना मी तो मजकूर वाचला आणि कप इतक्या जोरात आपटला की साहेब केबिनमधून बाहेर आले. हऱ्या गेल्याचं दुःख होतंच. कावीळ अंगावर काढली आणि बेचाळिसाव्या वर्षी गेला... त्याचाही राग आहेच. पण 'आद्य प्रवर्तक' लिहिणाऱ्याचं नाव मजकुराखाली होतं, आणि ते नाव मला बारा वर्षं पाठ होतं.

बँडचं नाव 'खारट'. हऱ्या ठाण्याच्या खाडीकाठचा, वाडवडील मासेमारीतले. मी डोंबिवलीचा लिमये, दुपारच्या झोपेला धर्म मानणाऱ्या घरातला. तो वागळे इस्टेटमधल्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात फिटर होता, आणि मालक भला असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी आम्हाला शेडमध्ये वाजवायची परवानगी होती. तिसरा सतीश, ड्रमवर. गिटार घेऊन गायचा हऱ्या, आणि त्याच्या गाण्यांत जाळी, भरती, कारखान्याचा भोंगा, सगळं यायचं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आम्ही त्या शेडमध्येच आमची पहिली कॅसेट रेकॉर्ड केली. मधेमधे शेजारच्या प्रेसचा आवाज येतो. तो आमचा नाही, पण तालात आहे.

दादरच्या एका कॅसेटवाल्याने सांगितलं होतं, "रविवारच्या पुरवणीत चांगलं छापून आणा, सगळ्या दुकानांत माल ठेवतो." म्हणजे आमचं पुढचं आयुष्य एका समीक्षकाच्या दोन कानांवर अवलंबून होतं. पाकिटं भरायला आम्ही हऱ्याच्या घरी बसलो. त्याची आई, आमची काकी, कोळीवाड्यातली नावाजलेली धवलारीण. लग्नात देवदेवतांना बोलवणारे धवले गायचे, मांडवातल्या शेवटच्या माणसापर्यंत, माइकशिवाय. सकाळीच तिने आमच्या कॅसेटी देवीपुढे ठेवल्या होत्या आणि गिटारला हळदकुंकू लावलं होतं. त्या ढिगाशेजारी मला एक कॅसेट दिसली, तिच्यावर कुंकवाचा ठिपका. मला वाटलं, ही पूजेची, मुहूर्ताची. सगळ्यात मोठ्या समीक्षकाला हीच गेली पाहिजे. आमच्या घरी पहिला आंबा देवाला जातो, त्याच भक्तिभावाने मी ती पाकिटात घातली आणि स्टेपलरच्या तीन पिना ठोकल्या. तिसरी माझ्या अंगठ्यात घुसली.

पुढे प्रतिक्रिया येऊ लागल्या. एका कॉलेजच्या अंकाने लिहिलं की आमच्यामुळे झोप उडाली. आम्ही ते कौतुक समजलो. कल्याणच्या एका साप्ताहिकाने आमचा फोटो छापला, खाली नावं एका नाट्यमंडळाची. हऱ्या सगळ्याच्या झेरॉक्स काढून शेडच्या शटरवर चिकटवायचा आणि कामगारांना मोठ्याने वाचून दाखवायचा. मग तो रविवार उजाडला. "गिटारचा गोंगाट, ड्रमचा धुडगूस, आणि गायकाच्या आवाजात इथल्या मातीचा अंश औषधालाही नाही." हऱ्याने हेही चिकटवलं, सगळ्यांच्या वर. तेवढं मात्र वाचून दाखवलं नाही. दादरवाल्याने फोन घेणं बंद केलं.

महिन्याभराने काकी आपली कॅसेट शोधू लागली. भाच्यांना शिकवायला तिचे धवले हऱ्याने भरून ठेवले होते, आणि तिला अक्षरओळख नाही म्हणून ओळखायला वर कुंकवाचा ठिपका लावला होता. हऱ्याने मला विचारलं. मी अंगठ्याकडे पाहिलं.

म्हणजे समीक्षक महाशयांनी गिटारचा गोंगाट ऐकला तो एका बाईच्या, कुठलंही वाद्य नसलेल्या, धवल्यात.

मला तर नाचावंसं वाटलं. आम्ही दोघं नौपाड्यात त्यांच्या घरी गेलो. "ऐकली, दोनदा ऐकली," ते म्हणाले. "तरुणांनी टीका पचवायला शिकावं." हऱ्या म्हणाला, "हो सर. फक्त ती कॅसेट परत मिळेल का?" त्यांनी टेबलाखालच्या गठ्ठ्यातून पाकीट ओढलं आणि न बघता त्याच्या हातात दिलं. जिन्यात हऱ्याने ते मला दाखवलं. तिन्ही पिना जागच्या जागी. एकीला माझं वाळलेलं रक्त.

मी वर जायला वळलो. त्याने माझी कॉलर धरली.

"सोड हऱ्या. हे पाकीट उद्या सगळ्या संपादकांच्या टेबलावर ठेवतो."

"आणि आईला काय सांगू? तिला मी बोललोय, एका मोठ्या माणसाने तुझी गाणी ऐकायला नेलीत. चार दिवस झाले, साऱ्या वाड्याला सांगत फिरतेय ती."

"अरे, आपला बँड संपतोय."

"संपू दे. तिला नको कळायला की कुणी पाकीटसुद्धा फोडलं नाही."

आणि बँड संपला. हऱ्या स्प्रिंगा बनवत राहिला, मी फायली. त्याने मला शपथ घातली होती. मी ती बारा वर्षं पाळली आणि त्याबद्दल त्याच्यावर बारा वर्षं चिडलो. एवढा चांगुलपणा माणसाने करू नये. समोरचा त्याच्यावर घर बांधतो.

गेल्या महिन्यात शोकसभा झाली. टेबलावर हऱ्याचा फोटो, समोर गिटार, आणि गिटारशेजारी काकीने घरून आणलेली ती कॅसेट, कुंकवाचा ठिपका नव्याने लावलेली. समीक्षक महाशय शाल पांघरून उभे राहिले. हरेश्वरच्या आवाजातली माती प्रथम माझ्याच कानांनी टिपली, असं म्हणाले आणि रुमाल काढला. मी खुर्चीचा दांडा धरून बसलो होतो, शपथ दातांत धरून. पुढच्या रांगेतली काकी इतका वेळ त्यांच्याकडे निरखून बघत होती. ती माझ्याकडे वळली. हळू बोलणं तिला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

"लिम्या, माजी गानी यानंच नेलेली ना रं? इचार त्याला, माजा आवाज कसा वाटला."