सासूबाईंनी वाहिलेलं पुष्पचक्र

दोन हजारच्या दशकात आम्ही कॉव्हेंट्रीजवळच्या एका छोट्या गावात राहत होतो. तिथे चर्चसमोर, चिप्सच्या दुकानाला लागून, एक दगडी खांब होता. काही शतकांपूर्वी इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी झाली, तिच्यातली एक चकमक या गावाच्या वेशीवर झाली होती. दोन्हीकडचे सैनिक एकाच खड्ड्यात पुरले, म्हणून स्मारकही एकच.

दर ऑक्टोबरात तिथे पुष्पचक्र वाहत. ते कोणी वाहायचं यावरून आमच्या दोन शेजाऱ्यांचं फाटलं होतं. उजवीकडचे आजोबा, रिटायर्ड पोस्टमास्तर, राजाच्या बाजूचे. डावीकडच्या बाई, रिटायर्ड शिक्षिका, पार्लमेंटच्या. राजाचं डोकं उडवलं ते बरोबर की चूक, या मुद्द्यावर त्यांनी बोलणं टाकलं होतं आणि मधल्या घरात आम्ही. निरोप आमच्या दारातून जात.

"त्यांना सांगा, मांजर माझ्या वाफ्यात येतं."

"त्यांना सांगा, मांजराला सांगितलंय."

त्या वर्षी नागपूरहून सासूबाई आल्या होत्या. एके सकाळी आजोबांनी बेल वाजवली आणि विचारलं, "यंदा पुष्पचक्र तुमच्या सासूबाई वाहतील का?"

"त्या का?"

"त्यांचा या युद्धाशी काही संबंध नाही."

ते गेले आणि थोड्या वेळाने बाई आल्या. तीच विनंती, तेच कारण. स्मारक समितीला एवढी एकच व्यक्ती दोघांकडून मंजूर करून घेता आली होती.

सासूबाई कॉव्हेंट्रीहून आणलेली मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मग जिंकलं कोण?"

"पार्लमेंट. राजाला मारलं."

"मग आता राणी कशी?"

"पुढे काही वर्षांनी त्याच्याच मुलाला बोलावून गादीवर बसवलं, आई."

त्यांनी दोन-चार काड्या निवडल्या. "एवढी माणसं मारायच्या आधीच बोलवायचं ना," म्हणाल्या. "बरं, वाहते."

त्या दिवशी रिमझिम होती. सासूबाईंनी साडीवर माझ्या नवऱ्याचं जाड जॅकेट घातलं होतं. पाद्री बोलले, सासूबाईंनी पुष्पचक्र ठेवलं, हात जोडले. पण मागे सरेनात.

"यांची नावं कुठं आहेत गं?"

"नावं कोणालाच माहीत नाहीत."

"आणि जेवण?"

मी पाद्रींना विचारलं. चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि बिस्किटं होती. मी तसं सांगितलं.

"बिस्किटं?" सासूबाई म्हणाल्या. "एवढ्या लोकांचं करायचं आणि बिस्किटांवर भागवायचं? सगळ्यांना म्हणावं, घरी चला."

पहाटेपासून स्वयंपाकघरात काय चाललं होतं, ते मला तेव्हा कळलं. वडे, खीर, वरण-भात, दोन भाज्या. इंग्रज माणसाला समोरासमोर नाही म्हणता येत नाही, त्यामुळे सगळेच आले. सोफा एकच. आजोबा आणि बाई त्यावर शेजारी-शेजारी अडकले.

आजोबा मला म्हणाले, "त्यांना विचारा, त्यांचा वडा त्या खाणार आहेत का."

"मला ऐकू येतं," बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. "खाणार आहे."

त्यानंतर मध्ये मी लागले नाही. राजा कर किती बेसुमार घ्यायचा हे बाईंनी सांगितलं, पार्लमेंटवाल्यांनी चर्चच्या खिडक्या फोडल्या हे आजोबांनी. आवाज चढले. पाद्री खिरीकडे बघत राहिले.

सासूबाईंनी दारातून पाहिलं. "भांडतायत का?"

"हो."

"मग वाढ त्यांना अजून."

पुढच्या वर्षी सासूबाई नागपूरलाच होत्या. पुष्पचक्र बाईंनी वाहिलं, त्याच्या पुढच्या वर्षी आजोबांनी. राजाबद्दलचं मत दोघांपैकी कोणीच बदललं नाही. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बाई रोज सकाळी पेपर वाचून दाखवायला त्यांच्याकडे जात. मला भिंतीतून ऐकू यायचं. पेपर फारसा वाचून होत नसे.